आधी लेआउट, मग स्विच, रंग सगळ्यात शेवटी

पत्र :

मी फोंड्यात राहते. मराठी अनुवाद आणि मुद्रितशोधनाचं काम घरून करते. दिवसाचे सात-आठ तास टायपिंग असतं आणि तेही सगळं इन्स्क्रिप्टमध्ये (भारतीय लिपींच्या प्रमाण मांडणीत). लॅपटॉपच्या कीबोर्डवर बोटं दुखायला लागली म्हणून मेकॅनिकल कीबोर्डची (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेल्या कीबोर्डची) माहिती काढायला गेले आणि आता त्याचा नादच लागलाय. १५ हजार रुपये बाजूला काढले आहेत. एका जर्मन कीकॅप सेटची (कीकॅप म्हणजे बटणांवरच्या टोप्या) ग्रुप बाय, म्हणजे आगाऊ पैसे भरून सामूहिक खरेदी, सध्या सुरू आहे. नुसत्या बेस किटला, म्हणजे मूळ संचाला, साडेतेरा हजार पडतात आणि पंधरवड्यात मुदत संपतेय. तो सेट आत्ता घेऊन ठेवावा आणि कीबोर्ड सावकाश जुळवावा, की स्वस्तातली नक्कल घ्यावी? भिंतीपलीकडे आई दुपारी झोपलेली असते, त्यामुळे आवाज चालणार नाही. मामा मस्कतहून चवथीला येणार आहेत, त्यांना काही आणायला सांगू का? आणि आपल्याकडच्या पावसात हे सगळं गंजेल का?
– स. ना., फोंडा

उत्तर :

ही ग्रुप बाय सोडून द्या. सेट वाईट असतो असं अजिबात नाही. जर्मनीतल्या जीएमके कंपनीचे डबलशॉट (अक्षर दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकचंच असलेले) एबीएस प्लास्टिकचे कीकॅप अक्षरांच्या रेखीवपणात आणि रंगांच्या नेमकेपणात आजही पहिल्या रांगेत आहेत. पण तुमच्याकडे अजून कीबोर्डच नाही, आणि कुठला सेट बसणार हे कीबोर्डच्या लेआउटवर ठरतं. शिवाय साडेतेरा हजार कीकॅपमध्ये गेले तर उरलेल्या दीड हजारात ते बसवायला धड कीबोर्ड येत नाही.

ग्रुप बाय कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण पुढे कधीतरी तुम्ही त्यात उतरालच. डिझायनर आधी लोकांचा कल बघतो. मग तीन-चार आठवडे ऑर्डर घेतल्या जातात आणि पूर्ण पैसे आगाऊ भरावे लागतात. कारखान्याची किमान संख्या भरली की ऑर्डर रांगेत लागते. मग रंगांचे नमुने येतात, पसंत पडले नाहीत तर परत जातात, नंतर उत्पादन, मग देशोदेशीच्या विक्रेत्यांकडे माल, आणि शेवटी तुमच्या दारात. सहा महिन्यांत हाती आलं तर लवकर आलं म्हणायचं. वर्ष लागणं नेहमीचं आहे, दीड वर्षही नवलाचं नाही. तेवढा काळ पैसे विक्रेत्याकडे असतात. मधल्या काळात तो बुडाला तर डिझायनर किंवा कारखाना तुम्हाला काही देणं लागत नाही, आणि कार्डावर तक्रार करून पैसे परत मागायची मुदत बहुधा कधीच उलटून गेलेली असते. परदेशातले काही विक्रेते असे ग्राहकांचे पैसे घेऊन बंद पडलेले आहेत. म्हणून नियम एवढाच ठेवा, की वर्षभर विसरता येतील तेवढेच पैसे ग्रुप बायमध्ये घालायचे. मुदतीची धास्तीही घेऊ नका. चांगल्या सेटचे जादा नग विक्रेते स्वतः मागवून ठेवतात आणि ते नंतर तयार मालात विकायला येतात. थोडे महाग पडतात, पण पैसे दिल्यावर आठवड्याभरात घरी येतात.

आता लेआउट. बाजारात पूर्ण कीबोर्डच्या मानाने साठ टक्के, पासष्ट टक्के, पंच्याहत्तर टक्के, टीकेएल (उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला) आणि पूर्ण आकार असे प्रकार मिळतात. इंग्रजीत टाइप करणाऱ्यांना जो सल्ला मिळतो तो इन्स्क्रिप्टवाल्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही. आपली व्यंजनं उजव्या बाजूला विरामचिन्हांच्या बटणांवर पसरलेली आहेत. च अर्धविरामाच्या बटणावर, ट त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर, ड चौकटी कंसावर, ॉ उलट्या तिरप्या रेघेवर आणि य प्रश्नचिन्हाच्या बटणावर. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्ट धरून ज्ञ, त्र, क्ष, श्र येतात. त्यामुळे चाळीस टक्क्यांचे गोंडस छोटे कीबोर्ड मराठीसाठी बादच समजा, कारण त्यात यातली अर्धीअधिक बटणं दुसऱ्या लेयरवर (दुसरं बटण धरूनच मिळणाऱ्या थरावर) जातात आणि ‘चट्टामट्टा’ लिहायला चार बोटं एकदम लागतात. साठ टक्क्यांत अक्षरं सगळी असतात, पण बाण, होम, एंड आणि डिलीट नसतात. मुद्रितशोधनात कर्सर सतत ओळीच्या टोकाला न्यावा लागतो, तेव्हा तेही नको.

बाकीच्यांतले तुमच्या कामाचे दोनच, पंच्याहत्तर टक्के आणि टीकेएल. तुमच्यासाठी आम्ही टीकेएल सुचवू. त्याचं कारण पुन्हा कीकॅपच आहे. बटणांची रुंदी ‘यू’मध्ये मोजतात, एका अक्षराच्या बटणाची जागा म्हणजे १ यू, म्हणजेच १९.०५ मिलिमीटर. ८७ बटणांच्या ॲन्सी (अमेरिकी प्रमाण मांडणीच्या) टीकेएलमध्ये खालची ओळ प्रमाण असते, ६.२५ यूची स्पेस आणि १.२५ यूची सात बटणं. उजवी शिफ्ट २.७५ यू. जगातल्या जवळजवळ प्रत्येक बेस किटमध्ये ही मापं असतातच. पंच्याहत्तर टक्क्यांत मात्र उजवी शिफ्ट १.७५ यूची होते, स्पेसच्या उजवीकडची बटणं बरेचदा १ यूची असतात, आणि होम-एंडचा उभा स्तंभ वेगवेगळ्या ओळींत येत असल्यामुळे त्या बटणांची उंची आणि उतारही जुळावा लागतो. स्वस्त सेटमध्ये नेमकी हीच बटणं नसतात. टेबल अगदीच अरुंद असेल तर पंच्याहत्तर घ्या, पण कीकॅप मागवण्यापूर्वी किटचं चित्र समोर ठेवून आपल्या कीबोर्डचं एकेक बटण त्यात शोधा. १.७५ यू शिफ्ट सापडली नाही तर तो सेट तुमचा नाही.

कीबोर्डच्या किटसाठी पाच-साडेपाच हजार धरा. स्विच आणि कीकॅपविना मिळणारं, हॉट-स्वॅप (सोल्डरिंग न करता स्विच काढता-घालता येणारं), वायरचं किट. ब्लूटूथ आणि बॅटरीची तुम्हाला घरच्या टेबलावर गरज नाही. विकत घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारा. पहिली, सॉकेट कुठलं आहे? केल कंपनीचं किंवा तत्सम प्रमाण सॉकेट असेल तर कुठलेही एमएक्स पद्धतीचे (चेरी कंपनीच्या नेहमीच्या घडणीचे) स्विच बसतात. काही स्वस्त बोर्डांत फक्त बारीक पिनांचे आउटेमू कंपनीचे स्विच जाणारं सॉकेट असतं, त्यात दुसरे स्विच जोर लावून घातले की सॉकेट सैल होतं. दुसरी, पाच पिनांच्या स्विचसाठी भोकं आहेत का? नसतील तर प्रत्येक स्विचचे दोन प्लास्टिक पाय कटरने छाटत बसावं लागेल. आणि तिसरी, एलईडी वरच्या बाजूला आहे की खालच्या, म्हणजे नॉर्थ-फेसिंग की साउथ-फेसिंग? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नॉर्थ-फेसिंग बोर्डावर चेरी प्रोफाइलचे (त्या ठरावीक उंची-उताराचे) कीकॅप लावले तर मधल्या ओळीत कीकॅपची आतली कड स्विचच्या डोक्यावर आपटते. बटण पूर्ण खाली जायच्या आतच अडतं आणि आवाज बद्द येतो. इन्स्क्रिप्टमध्ये मधल्या ओळीवर काय आहे ते बघा : ो, े, हलन्त, ि, ु, प, र, क, त, च, ट. दिवसभर बोटं तिथेच नाचतात. म्हणून साउथ-फेसिंगच घ्या.

गॅस्केट माउंट, ट्रे माउंट, फोमचे थर, सर्किट बोर्डाला मागून चिकटवायची टेप यांवर तासन्‌तास चर्चा झडतात. तुमच्या बजेटमध्ये जे येईल ते चालेल. फर्मवेअरमध्ये (कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) व्हाया, म्हणजे बटणांची कामं बदलायचं साधन, चालत असेल तर बरं. मग कॅप्स लॉकच्या जागी विंडोज आणि स्पेस ही जोडी एकाच बटणावर ठेवता येते आणि मराठी-इंग्रजी अदलाबदल एका टिचकीत होते. अनुवादाच्या कामात याचा उपयोग महागड्या कीकॅपपेक्षा शंभरपट जास्त आहे. मराठी अक्षरांसाठी मात्र फर्मवेअरमध्ये काहीही करावं लागत नाही. कीबोर्ड फक्त कुठलं बटण दाबलं ते कळवतो, अक्षर संगणकातलं इन्स्क्रिप्ट ठरवतं.

स्विच. आई झोपलेली असते म्हणता, तर क्लिकी (टिकटिक वाजणाऱ्या) स्विचचा विचारही नको आणि साधे लिनियरही (अडथळ्याविना सरळ खाली जाणारे) नकोत. ‘सायलेंट’ असं स्पष्ट लिहिलेलेच घ्या. यांच्या दांड्याला वर-खाली मऊ रबरी पॅड असतं, त्यामुळे खाली टेकतानाचा आणि वर येतानाचा असे दोन्ही आवाज मरतात. चेरी एमएक्स सायलेंट रेड, आउटेमू सायलेंट पीच, आणि बोटाला अडथळा जाणवायला हवा असेल तर बोबा यू-फोर ही ओळखीची नावं. शेवट थोडा गादीवर टेकल्यासारखा लागतो, ते काहींना आवडत नाही. म्हणून आधी दोन-तीन प्रकारचे चार-चार स्विच सुटे मागवा. ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपासची स्प्रिंग दिवसभराच्या टायपिंगला बरी. पसंत पडले की ९० नग घ्या. ८७ लागतात, तीन हाताशी राहतात. २५-३० रुपयांचा स्विच धरला तर अडीच हजारांच्या आसपास खर्च. कारखान्यातून ग्रीस लावून आलेले घ्या आणि पहिल्या खेपेला ते उघडू नका. ८७ स्विच उघडून प्रत्येकाला ब्रश मारण्यात दोन रविवार जातात, आणि ग्रीस जास्त झालं तर बटण वर यायला आळस करतं.

बराचसा आवाज टेबलातून भिंतीत जातो. कीबोर्डखाली ४ मिलिमीटर जाडीची डेस्क मॅट घाला आणि टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आता स्टॅबिलायझर, म्हणजे लांब बटणं तिरपी न होता सरळ दाबली जावीत म्हणून त्यांच्याखाली असलेली तारेची जोडणी, ज्याकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. टीकेएलमध्ये पाच असतात : बॅकस्पेस, एंटर, दोन शिफ्ट आणि स्पेस. स्वस्त कीबोर्ड आणि दहा हजारांचा कीबोर्ड यांत कानाला जाणवणारा फरक बहुतेक वेळा इथलाच असतो, आणि तो तुम्ही घरी दीड तासात मिटवू शकता. किटसोबत आलेले स्टॅबिलायझर सुटे करण्यापूर्वी मोबाईलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, कारण दांडा उलटा बसवणं ही ठरलेली चूक आहे. मग तार बाहेर काढून सपाट काचेवर ठेवा. तिची दोन्ही टोकं काचेला टेकली पाहिजेत. एका टोकावर बोटाने टिचकी मारा. तिथून टक्‌ असा बारीक आवाज आला तर ते टोक अधांतरी आहे, आणि पुढे प्रत्येक शब्दानंतर स्पेस दाबताना तोच आवाज ऐकू येत राहील. दोन पकडींनी तार अगदी किंचित उलट पिळा, पुन्हा काचेवर ठेवा, पुन्हा टिचकी. आवाज बंद होईपर्यंत हे करायचं. जोर लावू नका, केसभर पिळाने फरक पडतो.

तार सरळ झाली की ग्रीस. स्टॅबिलायझरच्या दांड्याच्या चारही बाजूंना आणि दांडा ज्यात सरकतो त्या खोबणीच्या आतल्या भिंतींना क्रायटॉक्स २०५ जी-झिरो या ग्रीसचा पातळ हात द्या. ब्रशवर एवढंच घ्यायचं, की प्लास्टिक ओलसर दिसेल पण पांढरा थर दिसणार नाही. तारेची टोकं दांड्यात जिथे शिरतात त्या भोकात मात्र डायइलेक्ट्रिक ग्रीस सढळ हाताने भरा, कारण खडखड तिथूनच येते. हे ग्रीस ऑटो स्पेअर्सच्या दुकानात मिळतं. व्हॅसलीन किंवा शिलाई मशीनचं तेल वापरू नका, आपल्याकडच्या उकाड्यात ते ओघळतं आणि धूळ धरतं. बसवताना हुकाची बाजू मोठ्या भोकात आधी, मग दुसरी बाजू लहान भोकात. स्क्रूचे असतील तर खाली वॉशर घालायला विसरू नका आणि स्क्रू हाताला अडला की थांबा. सर्किट बोर्डावर बसणारे स्टॅबिलायझर प्लेट (स्विच ज्यात अडकतात तो पत्रा) आणि स्विच लावायच्या आधीच बसवावे लागतात. नंतर आठवलं तर सगळं परत उपसायला लागतं. स्पेस बार खाली जाऊन जडपणे वर येत असेल तर २०५ जास्त झालंय, थोडं पुसा. अजून खडखडत असेल तर डायइलेक्ट्रिक कमी पडलंय.

स्विच घालताना प्रत्येकाच्या दोन धातूच्या पिना उजेडात सरळ आहेत का बघा. वाकडी असेल तर चिमट्याने सरळ करा. बोर्ड हातात उचलून धरून, ज्या सॉकेटमध्ये स्विच जाणार त्याला मागून बोटाने आधार द्या आणि स्विच सरळ खाली दाबा. आधार न देता वरून दाबलं की सॉकेट बोर्डावरून सुटतं, आणि ते परत जोडायला सोल्डरिंग लागतं. तिरका घातला की पिन आत दुमडते, बटण चालत नाही आणि माणूस सर्किट बोर्डाला दोष देत बसतो. सगळे स्विच बसले की कीकॅप लावण्यापूर्वी केबल जोडून की-टेस्टरमध्ये (दाबलेलं बटण पडद्यावर दाखवणाऱ्या साधनात) ८७ च्या ८७ बटणं तपासा. काढताना पुलरने (स्विच ओढून काढायच्या चिमट्याने) स्विचच्या वरच्या आणि खालच्या खाचा पकडा, डाव्या-उजव्या नव्हे.

आणि आता कीकॅप. आपल्या हवेला आणि तुमच्या तासांना पीबीटी प्लास्टिक योग्य. एबीएस घामाने आणि घासण्याने काही महिन्यांत चकाकू लागतं. पीबीटी बराच काळ खरखरीत राहतं. त्याची खोड वेगळी : साच्यातून निघाल्यावर ते जास्त आकसतं, त्यामुळे लांब स्पेस बार कधीकधी केळ्यासारखा वाकलेला येतो. पार्सल उघडल्या उघडल्या स्पेस बार काचेवर पालथा ठेवून बघा आणि डुलत असेल तर परतीच्या मुदतीतच बदलून घ्या. जाडी १.५ मिलिमीटरच्या आसपास असावी, चेरी प्रोफाइल, आणि अक्षरं डबलशॉट किंवा डाय-सब. डबलशॉटमध्ये अक्षर हे वेगळ्या रंगाचं दुसरं प्लास्टिकच असतं, झिजणार कुठून? डाय-सबमध्ये उष्णतेने शाई प्लास्टिकमध्ये उतरवतात, म्हणून साध्या डाय-सबमध्ये अक्षर कीकॅपपेक्षा गडद असावं लागतं. नुसतं छापलेलं घेऊ नका. अडीच हजारांत या वर्णनाचा चांगला सेट भारतातल्याच विक्रेत्यांकडे मिळतो.

नक्कल घ्यावी का, असं विचारलंत. प्रसिद्ध सेटचे रंग आणि चित्रं उचलून केलेले पीबीटी सेट दोन-अडीच हजारांत ढिगाने मिळतात आणि त्यांचा दर्जा बरेचदा ठीकही असतो. तरीही आमचा कल नाही. मूळ रंगसंगती जुळवणाऱ्या माणसाला प्रत्येक सेटमागे थोडे पैसे मिळतात, नकलेत ते मिळत नाहीत. त्याच किमतीत कंपन्यांचे स्वतःचे, कुणाचे न उचललेले साधे सेट मिळतात, पांढऱ्या-करड्या किंवा बेज रंगांचे. ते घ्या.

देवनागरी अक्षरांचे कीकॅप हवेत असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण इन्स्क्रिप्टवाल्या प्रत्येकाला ही इच्छा कधी ना कधी होतेच. स्टिकर लावू नका. दमट हवेत आठवड्याभरात कडा सुटतात आणि गोंद बोटाला लागतो. मागणीप्रमाणे डाय-सब करून देणारे असतात, त्यांच्याकडून फक्त अक्षरांच्या ओळी करून घ्या. छपाईपूर्वीचा नमुना मात्र मुद्रितशोधकाच्या नजरेने वाचा. शिफ्ट-एनवर ळ आणि शिफ्ट-जेवर ऱ आहे का? हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या नमुन्यात नेमकी हीच दोन गळतात. क्ष आणि त्र फुटून क्‌ष, त्‌र झालेत का? चित्रांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं हमखास फुटतात, तेव्हा अक्षरं फाँट म्हणून न देता आउटलाइन करून द्या. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का? मात्रा ठिपक्यांच्या वर्तुळावर दाखवल्यात की हवेत लोंबकळतायत? एकदा छापलं की दुरुस्ती नाही.

मामांना काही आणायला सांगू नका, निदान किट तरी नको. बोर्ड बिघडलेला निघाला तर तो मस्कतला परत पाठवायचा कोणी? भारतीय विक्रेत्याकडून घेतलेल्या किटची तक्रार फोनवर होते. प्रवाशाच्या सामानाला शुल्कमाफीची मर्यादा असते आणि ती मामांच्या सगळ्या सामानाला मिळून असते, एकट्या तुमच्या खोक्याला नव्हे. इथे न मिळणारे स्विच हवे असतील तर ते सांगा. वजन थोडं, मोडायला काही नाही. स्वतः परदेशातून कुरिअरने मागवलंत तर शुल्क वस्तू अधिक पाठवणखर्च अशा एकत्र रकमेवर लागतं, वर कुरिअर कंपनीची हाताळणी, आणि ओळखीची कागदपत्रं अपलोड करावी लागतात. त्या दिवशीचा दर बघून बेरीज करा, मग भारतीय विक्रेता महाग वाटेनासा होतो. ‘गिफ्ट’ म्हणून किंवा कमी किंमत दाखवून पाठवायला कुणाला सांगू नका. ते बेकायदा आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई त्या दाखवलेल्या किमतीचीच मिळते. परदेशी छंदवाले ज्या अलीएक्स्प्रेसचं नाव सतत घेतात त्या ॲपवर भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंदी आहे.

पाऊस. गंजण्यासारखं कीबोर्डमध्ये तीन ठिकाणी असतं : स्टॅबिलायझरची तार, स्विचची स्प्रिंग आणि प्लेट. तारेवर ग्रीस आहे म्हणजे ती सुरक्षित. प्लेट लोखंडी असेल तर रंग लावलेला असला तरी कापलेल्या कडांवर तांबेरा येतो, वास्को-कलंगुटच्या खाऱ्या हवेत लवकर, फोंड्यात सावकाश. पितळी प्लेट काळवंडते. म्हणून एफआर-फोर (सर्किट बोर्डाचं फायबरग्लास), पॉलिकार्बोनेट किंवा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमची प्लेट निवडा. रोज वापरातल्या कीबोर्डाला पावसाचा त्रास कमी होतो, खोक्यात पडून राहिलेल्याला जास्त. सुटे स्विच, जादा कीकॅप आणि पुलर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. केशरी दाण्यांचं जेल घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. मनगटाखालची उशी चामड्याची घेऊ नका, जुलैत तिच्यावर बुरशी चढते. लाकडाची किंवा रेझिनची बरी.

उशीचा विषय निघाला म्हणून एक महत्त्वाचं. बोटं दुखतात ती नुसत्या स्विचने थांबतील असं गृहीत धरू नका. मेकॅनिकल कीबोर्ड पुढच्या कडेला दोनेक सेंटिमीटर उंच असतो, लॅपटॉपपेक्षा बराच. खुर्ची तेवढी वर घ्या, कीबोर्डचे मागचे पाय मिटून ठेवा, आणि दुखणं महिनाभरात कमी झालं नाही किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर डॉक्टरांना दाखवा.

खऱ्या मुंग्यांचंही बघा. पावसात त्या उबेला कीबोर्डमध्ये शिरतात. टेबलावर खाणं नको, महिन्यातून एकदा कीकॅप काढून मऊ ब्रश फिरवा. कीकॅप कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब घालून धुवायचे आणि पूर्ण दिवस वाळू द्यायचे. पावसाळ्यात दोन दिवस, पंख्याखाली पालथे घालून. दांड्याच्या भोकात थेंब राहिला तर तो स्विचमध्ये उतरतो. एखादं बटण ‘कक’ असं दोनदा उमटू लागलं तर आत ओल किंवा गंज आलाय. तो स्विच काढून हातचा घाला, हॉट-स्वॅप त्यासाठीच घेतलंय.

हिशेब लावायचा तर किट साडेपाच हजार, स्विच अडीच, कीकॅप अडीच, ग्रीस, ब्रश आणि पुलर मिळून एक, मॅट सात-आठशे. अडीच-तीन हजार उरतात, ते लगेच खर्च करू नका. महिनाभर वापरल्यावर स्विच हलके वाटतायत की जड ते कळेल, तेव्हा बदलायला लागतील. किट ॲल्युमिनियमचं घेतलंत आणि लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला बारीक झिणझिणी जाणवली, तर कीबोर्ड बिघडलेला नाही. चार्जरला अर्थिंग मिळत नाहीये. जुन्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटलाही मागे अर्थची तार जोडलेली नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ती जोडून घ्या, कीबोर्ड असो वा नसो.